हरणाबाईंचे चार दोरे

हरणाबाई वाचायला शिकल्या विसाव्या वर्षी. माहेर कवठे महांकाळच्या पलीकडचं. वडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे, तिथं पोरीला शाळेत कोण घालणार? लग्न साताऱ्याकडं झालं. नवरा नाथाजी पलटणीत शिपाई. रजेवर आला की बायकोला अंगणात बसवायचा, चुलीतली राख जमिनीवर पसरायचा आणि बोटानं अक्षरं गिरवून घ्यायचा. "मी लिव्हलेलं पत्र तू दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं न्हाई," एवढंच त्याचं म्हणणं. पासष्टच्या लढाईत नाथाजी गेला. तोवर हरणाबाईंनी त्याची सतरा पत्रं कुणाची मदत न घेता वाचली होती.

साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव. गावातल्या निवृत्त जवानांनी एकोणसत्तर साली वाचनालय काढलं. दोन खोल्या. पुढची पुरुषांची, मागची बायकांची, दुपारी दोन ते पाच. मागच्या खोलीत बसायला बाईमाणूस हवं म्हणून जवानाची विधवा हरणाबाई. अध्यक्ष लालासाहेब, निवृत्त सुभेदार. ते माझे सासरे. मी त्यांची धाकटी सून, चंद्रा. माहेर मिरजेचं, शिक्षण अकरावी, नवरा फौजेत, वर्षातून एक महिना घरी. सासऱ्यांचे सैनिक बोर्डाकडं जाणारे सगळे अर्ज मीच लिहायची, कारण त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. माझ्या अक्षराचं त्यांना कौतुक होतं. ते चारचौघांत सांगायचे, "सूनबाईचं अक्षर म्हंजे छापखाना."

त्या दिवसांत एका साप्ताहिकात 'उंबरघाट' नावाची कादंबरी दर आठवड्याला थोडी थोडी यायची. घाटाखालच्या वाडीत सुमित्रा नावाची मास्तरीण एकटी शाळा चालवते. जंगलखात्याचा राणोजी तिच्यावर जीव टाकतो, पण बोलत नाही. दवाखान्यातली तारा नर्स तिची मैत्रीण. आमच्या मागच्या खोलीत तो अंक आला की आधी एकीनं मोठ्यानं वाचायचा, मग बाकीच्यांनी पाळीपाळीनं घरी न्यायचा. चौऱ्याहत्तर साली कागदाची टंचाई झाली आणि साप्ताहिक बंद पडलं. शेवटच्या अंकात पूल वाहून गेला होता आणि सुमित्राच्या हातात एक न फोडलेली चिठ्ठी होती. ती कुणाची, हे कुणालाच कळलं नाही.

बायका महिनाभर हळहळल्या. मग एका दुपारी शालूबाईनं पिशवीतून एकरेघी वही काढली. शालूबाई सातवी शिकलेली, गावात शिवणकाम करायची. "मी लिव्हलंय पुढचं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. तिच्या वहीत चिठ्ठी राणोजीची होती आणि शेवटी अक्षता पडल्या होत्या. दुसरी एक वाचून म्हणाली, छे, असं कसं हुईल, आणि तिनं आपली वही लिहिली. दीड वर्षात चोवीस वह्या झाल्या. वहीवर नाव कुणाचंच नाही. हरणाबाई त्या कपाटाच्या खालच्या फळीवर, जुन्या पंचांगांच्या मागं ठेवायच्या. वाचनालयाच्या पत्त्यावर टपालानं जे अंक यायचे, त्यांची वेष्टनं फाडून त्यांनी वह्यांना कव्हरं घातली होती.

धोका काय असतो ते पहिल्यांदा अंबूच्या घरी कळलं. अंबूची सासू धोंडुबाई, साठीची, वाचता येत नाही पण ऐकायची हौस. दुपारी सोप्यात बसून सून वाचायची आणि सासू शेंगा फोडत ऐकायची. एके दिवशी अंबूनं नवी वही नेली, आत काय आहे ते न बघता वाचायला लागली. तिसऱ्या पानावर सुमित्राचं लग्न झालं, चौथ्या पानावर राणोजीनं दाराला कडी लावली. सोप्याच्या पलीकडं अंबूचा दीर आणि दोन पाव्हणे बसलेले. अंबूला थांबताही येईना, पुढं वाचताही येईना. थांबली तर का थांबली ते कळणार. ती अडखळली आणि दिरानं उठून वही हातातून घेतली. त्यानं वही फाडली. पुढं दोन महिने अंबू वाचनालयात दिसली नाही. ती दिसली तेव्हा तिच्या कपाळावर जुनी खोक होती. कुणी विचारलं नाही.

हरणाबाईंनी ते मनाला लावून घेतलं. मग एका दुपारी त्यांनी सगळ्या वह्या जमिनीवर मांडल्या आणि पुन्हा एकेक वाचायला घेतली.

"आमच्यात मेंढरांच्या पाठीवर रंग लावत्यात," त्या म्हणाल्या. "लांबनं बघितलं तरी कुणाचं कुठलं ते कळतं. वहीचंबी तसंच पायजे. घेणारीला आधी ठावं पायजे, आत काय हाय."

त्यांनी शालूबाईकडून दोरे आणले आणि प्रत्येक वहीच्या शिवणीत एक ओवला. पांढरा म्हणजे प्रेम नाही. शाळा, पूर, चोर, जंगल. पिवळा म्हणजे प्रेम आहे, पण अक्षता पडेपर्यंतचं. तांबडा म्हणजे कडी लावल्यानंतरचं. आम्ही हसलो, मग वाद घालू लागलो. एका वहीत राणोजी लाकूडचोर पकडतो आणि मध्येच एकदा सुमित्राचा हात धरतो. ती कशात? शालूबाई म्हणाली पिवळ्यात, हात धरला की.

"हात धरलाय ते पान काढून टाक आणि वाच," हरणाबाई म्हणाल्या. "गोष्ट उभी ऱ्हाती का? ऱ्हाती. मग पांढरी. पडली असती तर पिवळी."

शालूबाईनं पांढरा दोरा सुईत ओवला.

कोणी कुठली वही नेली हे लिहून ठेवायला त्यांनी एक कागद केला, पण त्यावर नावं घातली नाहीत. अंबूचं झालं ते पुन्हा कुणाचं व्हायला नको म्हणून प्रत्येकीला एक खूण दिली. चूल, सूप, विळा, फणी, पाटा. कुठली खूण कुणाची ते फक्त हरणाबाईंच्या डोक्यात. माझी खूण फणी.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर मी माझी वही त्यांना दिली. माझ्या वहीत राणोजी पहिल्याच पानावर बदली होऊन जातो. सुमित्रा आणि तारा दोघी वाडी सोडतात, दुसऱ्या गावी एकत्र राहतात, शाळा आणि दवाखाना चालवतात. शेवटच्या पानावर तारा सुमित्राच्या केसांतला गुंता सोडवत बसते आणि सुमित्राला वाटतं, आता ती चिठ्ठी कुणाची का असेना. मी हे का लिहिलं, ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मिरजेत राही नावाची माझी मैत्रीण होती. आम्ही शाळेत सात वर्षं एका बाकावर बसलो. ती नर्सिंगला गेली, माझं लग्न झालं. एवढंच.

हरणाबाईंनी माझी वही चार दिवस ठेवली. पाचव्या दिवशी मला कपाटाशी बोलावलं. शिवणीत निळा दोरा होता.

"ह्याला काय म्हणायचं ते मला ठावं न्हाई गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पिवळ्यात घातली तर पिवळं वाचणारीची फसवणूक. पांढऱ्यात घातली तर तुझी. म्हणून येगळा दोरा काढला."

मी मान खाली घातली. त्यांनी वही पंचांगांच्या मागं सरकवली.

शालूबाईची आई मिरजेच्या एका इस्पितळात उपचार घेत होती. दर महिन्याला शालूबाई एस.टी.नं तिकडं जायची आणि जाताना कापडी पिशवीत चार-पाच वह्या न्यायची. तिथंच नर्स असलेली माझी राही आणि तिच्याबरोबरच्या मुली वाचायच्या, पुढच्या खेपेला परत द्यायच्या. शहात्तरच्या फेब्रुवारीत शालूबाई परतली ती रडतच. आईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला होता, त्या घाईत ती मिरजेला गाडीतून उतरली आणि पिशवी वरच्या फळीवर राहिली. पिशवीत चार वह्या होत्या. एक पांढरी, एक पिवळी, एक तांबडी आणि माझी.

"घालील कुणी रद्दीत," ती स्वतःला समजावत होती.

ते दिवस आणीबाणीचे. गावातले एक मास्तर आधीच तुरुंगात होते. हातानं लिहिलेले कागद पोत्यातून, भाजीच्या पाट्यांतून फिरतात आणि ज्याच्याकडं सापडतात त्याला नेतात, असं लोक बोलायचे, तेही आजूबाजूला बघून. हरणाबाईंनी त्या दिवशी उरलेल्या वह्या पंचांगांमागून काढल्या, बांधल्या, पुन्हा तिथंच ठेवल्या. "कुठं न्यायच्या?" त्या म्हणाल्या. "नेताना दिसलं तर जास्तच."

पंधरा दिवस काही झालं नाही. सोळाव्या दिवशी दुपारी अडीचला मागच्या खोलीचं दार उघडलं आणि एक फौजदार आत आले. बरोबर हवालदार. मागून माझे सासरे, डोक्याला घाईत गुंडाळलेला पटका. आत आम्ही अकरा बायका होतो. फौजदारांनी दार लावून घेतलं आणि हवालदाराला दारात उभं केलं.

"कुणी बाहेर जायचं नाही," ते म्हणाले आणि टेबलावर चार वह्या ठेवल्या. कव्हराच्या आतून वाचनालयाचा छापील पत्ता दिसत होता. मी भिंतीला टेकले.

फौजदार वयानं फार नव्हते. आवाजही चढवत नव्हते, आणि त्यामुळंच जास्त भीती वाटत होती. त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची वही उघडली, खूण घातलेलं पान काढलं आणि वाचलं. "'पुलावर पहारा बसला होता. राणोजी रानात लपून होता. निरोप आज नदीपार गेलाच पाहिजे होता.' हा राणोजी कोण?"

"गोष्टीतला हाय, साहेब," हरणाबाई म्हणाल्या.

"ह्या दोऱ्यांचा अर्थ काय?"

हरणाबाईंची नजर कपाटाकडं गेली. फौजदारांनी कपाट उघडायला लावलं. पंचांगं खाली पडली, मागून एकोणीस वह्या निघाल्या. वह्यांबरोबर खुणांचा कागदही निघाला. त्यांनी तो उजेडाकडं धरला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"विळा," ते म्हणाले. "विळा कोण?"

"जिच्या हातात दिसभर असतो ती."

"बाई, नीट बोला. विळ्याची खूण कुणाची असते ते मला शिकवू नका. नाव सांगा."

विळा म्हणजे अंबू, तिनंच मला एकदा सांगितलं होतं. ती माझ्या शेजारी बसली होती.

"नाव सांगत न्हाई," हरणाबाई म्हणाल्या. "दोऱ्यांचं सांगते. नावांचं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. माझ्या सासऱ्यांसमोर, जे त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते आणि ज्यांच्यासमोर त्या एरवी डोक्यावरचा पदर ढळू देत नसत. "पांढरा म्हंजे प्रेम न्हाई. पिवळा म्हंजे प्रेम हाय, लगीन लागंस्तवर. तांबडा म्हंजे लगीन लागल्यावरचं. घरात, दार लावल्यावर असतं ते."

हवालदार छताकडं बघू लागला.

"आणि निळा?"

"त्याला नाव न्हाई, साहेब."

"बाकी तिन्हींना आहे आणि ह्यालाच नाही?" फौजदारांनी माझी वही उचलली. "मग हीच महत्त्वाची म्हणायची." आणि त्यांनी माझं वाक्य वाचलं. "'तारा म्हणाली, आपण दोघी जाऊ. कुणाला काही सांगायचं नाही. पहाटेच्या गाडीनं निघू. तिकडं आपली माणसं आहेत.' कुठली आपली माणसं? कुठं?"

"साहेब, एक एक वाक्य उचलू नका. सगळी वाचा," हरणाबाई म्हणाल्या. "पयल्यापासनं वाचा, मोठ्यानं. सरकारच्या विरोधात एक अक्षर निघालं तर मला बेड्या घाला."

फौजदारांनी खुर्ची ओढली आणि खरंच वाचायला घेतलं. पांढऱ्या वहीची सहा पानं वाचली, लाकूडचोर सापडेपर्यंत. पिवळीची शेवटची पानं वाचली, अक्षता पडल्या. तांबडी उघडली, अर्धं पान मोठ्यानं वाचलं, पुढं मनातल्या मनात वाचलं आणि मिटून बाजूला सरकवली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं, सुटलो.

पण माझी वही त्यांच्या मांडीवर तशीच होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली नाही. चाळली, इथं तिथं थांबले.

"ह्यात लग्न नाही," ते म्हणाले. "पुरुषच नाही. दोन बायका रातोरात गाव सोडतात, नाव बदलून राहतात, लोक त्यांच्याकडं येतात-जातात. ही कसली प्रेमाची गोष्ट? कुणी लिहिली ही?"

"मी," हरणाबाई म्हणाल्या.

"लिहून दाखवा."

त्यांनी टाक घेतला. राखेत शिकलेली अक्षरं, प्रत्येक सुटं, प्रत्येक थोरलं. एक ओळ लिहायला त्यांना इतका वेळ लागला की फौजदारांनी मध्येच कागद ओढला.

"खोटं सांगताय. आता प्रत्येकीनं एक ओळ लिहायची. ह्याच वहीतली."

कागद फिरू लागला. पहिली शालूबाई. तिच्याकडून शाई सांडली. दुसरी, तिसरी. चौथीला लिहिताच येत नव्हतं, तिनं अंगठा पुढं केला. फौजदार प्रत्येक ओळ वहीशी लावून बघत होते. मी आठवी होते. अक्षर वाकडं काढावं, हे मनात आलं, पण माझे सासरे तिथंच होते. त्यांनी वाकडं अक्षर पाहिलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं, आणि सरळ काढलं असतं तर फौजदारांना.

सहावीची पाळी आली तेव्हा मामंजी पुढं झाले. "ती वही जरा इकडं द्या, फौजदार. संस्थेचा अध्यक्ष हाय मी. काय हाय ते मलाबी बघू द्या."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्यांवर चढवला. वही उघडली. पहिल्या ओळीवरच त्यांचा हात थांबला. मी ते पाहिलं. आठ वर्षं माझ्या अक्षरातले अर्ज त्यांनी सहीआधी ओळ न् ओळ वाचले होते. ते उभ्यानंच वाचू लागले. एक पान, दोन पानं. मला वाटलं ते वर बघतील. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांनी सगळी वही वाचली. शेवटच्या पानावर ते बराच वेळ होते. कागद तोवर माझ्यापुढं येऊन पडला होता आणि माझ्या बोटांत टाक होता.

"माझ्या सुनेनं लिव्हायची गरज न्हाई," मामंजी म्हणाले. आवाज अगदी कोरडा. "तिचं अक्षर मी रोज बघतो. हे तिचं न्हवं."

"सुभेदार, नियम सगळ्यांना सारखा."

"बावीस वर्सं नोकरी केली मी. माझ्या शब्दावर तुमाला कागद पायजे?"

फौजदारांनी कागद माझ्यापुढून उचलला. मामंजींनी वही मिटली, पण परत दिली नाही. "आणि ह्यात राजकारण न्हाई. दोन बायका हायत. एकमेकींवाचून त्यांचं चालत न्हाई, म्हणून एकत्र ऱ्हात्यात. एवढीच गोष्ट हाय."

"मग ही बाई नावं का लपवते?"

"तुमच्या घरातली बाई दुपारी काय वाचती, ते तुमी मला सांगाल का?"

फौजदार उठले. त्यांनी मामंजींच्या हातातून वही घेतली, बाकीच्या बावीस गोळा करायला हवालदाराला सांगितलं, खुणांचा कागद घडी करून खिशात घातला. दार उघडताना ते हरणाबाईंना म्हणाले, "उद्या सकाळी जबाबाला यायचं."

दोन दिवस हरणाबाई सकाळच्या गाडीनं जात होत्या आणि दिवस मावळता परत येत होत्या. अंबू त्या दोन दिवसांत जेवली नाही. प्रत्येक मोटारीच्या आवाजाला आम्ही दाराकडं बघायचो. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत, आणि मोटारही आली नाही. तेव्हा हळूहळू कळलं की त्यांनी कुणाचंही नाव सांगितलं नव्हतं. खूप दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "आकाराम म्हणून हवालदार जबाब लिव्हीत होता. त्याला कायबी समजंना, म्हणून मी पुरी कादंबरी पयल्यापासनं सांगितली. संपल्यावर त्यो म्हणतोय, आवं बाई, पण चिठ्ठी कुणाची हुती?" प्रकरण तिथंच मिटलं असावं. वह्या परत आल्या नाहीत.

फौजदार आले त्या दुपारी मामंजी आणि मी घरी चालत आलो. ते पुढं, मी दहा पावलं मागं. वाटेत ते एकदाही थांबले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली, माझ्या हातच्या सगळ्या अर्जांच्या नकला काढल्या आणि न्हाणीच्या चुलीत घातल्या. आठ वर्षांचे कागद जळायला वेळ लागला. सासूबाई ओरडल्या, त्यांनी ऐकून घेतलं. त्यानंतर त्यांनी मला एकही अर्ज लिहायला सांगितला नाही. पोस्टमास्तरकडून लिहून घ्यायचे. मला वाचवायला की माझ्यावर रागावून, ते मला कधीच कळलं नाही. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि माझ्या माहेरी जाण्याला कधी आडकाठीही केली नाही.

हरणाबाईंची नोकरी मात्र गेली. महिन्याभरात पुढच्या खोलीत बैठक झाली. बायकांची खोली बंद करायची, असं ठरलं. ठरावावर पहिली सही अध्यक्षांची. हरणाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली. "लालासाहेब, तुमी सही केली त्याचं मला वाईट वाटत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमी वही पुरी वाचली. ते मी इसरणार न्हाई." मामंजींनी वाकून किल्ली उचलली. आठवड्यानं त्या माहेरी, भावाकडं निघून गेल्या. अंबू एस.टी.च्या थांब्यापर्यंत त्यांचं गाठोडं घेऊन गेली. दिरानं तिला जाताना पाहिलं, पण त्या दिवशी तो आडवा आला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात मी बाळंतपणाला मिरजेला होते. मुलगी झाली. तीन महिन्यांची झाल्यावर आईकडं ठेवून मी एका दिवसासाठी कवठे महांकाळची गाडी पकडली. तिथून पुढं अडीच मैल पायी. दोन्हीकडं बाजरीची कापलेली रानं, मधूनमधून मेंढरांचे वाडे. हरणाबाईंचा भाऊ तात्याबा खोपटासमोर लोकर पिंजत बसला होता. त्यानं समाजमंदिराकडं बोट दाखवलं. "तिकडं हाय ती. शाळा भरवली हाय म्हाताऱ्यांची."

प्रौढ शिक्षणाचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते. हरणाबाई दारात भेटल्या. केस पांढरे झाले होते, बाकी तशाच. मला बघून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"राही कशी हाय?" हे पहिलं त्यांनी विचारलं.

"सोलापूरच्या इस्पितळात गेली. लग्न नाही केलं. पत्रं येतात."

"तू लिव्हतीस?"

"पत्रं लिहिते."

"दुसरं?"

मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी समजल्यासारखं केलं आणि मला आत घेतलं.

आत वीसेक बायका होत्या. पुढं पाट्या, मध्ये गळ्यात दोरी बांधलेलं एक करडू. त्या दिवशी आपलं नाव आणि नवऱ्याचं नाव लिहायला शिकायचं होतं. सगळ्यांनी आपापली नावं काढली. नवऱ्याच्या नावाशी येऊन खोली अडली. एकीनं पाटी उपडी ठेवली.

"आवं, धन्याचं नाव कसं घ्यायचं?" ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखर घाबरलेला होता. "कवाच घेतलं न्हाई म्या."

"तोंडानं घेऊ नको," हरणाबाई तिच्याशेजारी उकिडव्या बसत म्हणाल्या. "लिव्ह. लिव्हलेलं कुणाला ऐकू जात न्हाई."

"दिसतंय की पण!"

"दिसू दे. तुला लिव्हायचं असंल तर लिव्ह, नसंल तर नको. मी काय जबरदस्ती करत न्हाई."

त्या बाईनं पाटी उलटून सरळ केली. मग ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि लिहू लागली. माझ्या गाडीची वेळ होत आली होती. मी उठले तेव्हा हरणाबाई दुसऱ्या पाटीवर वाकल्या होत्या. त्यांनी वर न बघता हात हलवला, आणि मी बाहेर उन्हात आले.